बाथरूमचं पाणी जात नाही? आधी जाळी उचला, गवंड्याला फोन नंतर करा

मी प्लंबर नाही. डोंबिवलीत 28 फ्लॅटच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, कमिटीवर आहे, आणि मेंटेनन्सचं काम माझ्याकडे आलं कारण दुसरं कोणी घेईना. त्यामुळे गेली नऊ-दहा वर्षं "काका, बाथरूममध्ये पाणी साचतंय, जरा बघता का" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हातमोजे आणि टॉर्च दाराच्या मागेच लटकवून ठेवलेत. बहुतेक वेळा काम अर्ध्या तासात होतं. पण लोक आधी गवंड्याला बोलावतात, गवंडी येतो, कंबरेवर हात ठेवून बघतो आणि म्हणतो "स्लोप गेलाय, सगळं फोडावं लागेल", आणि घरातले घाबरून हो म्हणतात. आमच्याकडे एकांनी अशीच सगळी फरशी नवी केली आणि पंधरा दिवसांत पाणी परत साचायला लागलं, कारण अडकला होता तो जाळीखाली शाम्पूच्या बाटलीचा बूच, तो नवीन टाइल्सखालीही तिथेच राहिला.

म्हणून आधी एकच गोष्ट ठरवा: पाणी नेमकं कुठे थांबतंय? जाळीपासून लांब, जाळीच्या तोंडाशी, की जाळीच्या खाली? ह्यावरून नव्वद टक्के उत्तर मिळतं.

लक्षणं

अंघोळ चालू असताना पाणी घोट्यापर्यंत चढतं आणि मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू उतरतं: हे तुंबणं आहे. उताराशी ह्याचा काही संबंध नाही.

पाणी पटकन जातं पण कमोडच्या मागे, दाराशी किंवा एखाद्या कोपऱ्यात डबकं राहतं, संध्याकाळपर्यंत फरशी ओली: इथे उतार बघायला लागेल.

जाळीभोवतीच गोल रिंगण करून पाणी उभं राहतं: जाळी टाइल्सपेक्षा वर बसवलीये. अगदी कॉमन.

वास येतो, खास करून गावाहून परत आल्यावर: जाळीखालचं पाणी सुकलंय किंवा खालची वाटी कोणीतरी काढून टाकलीये.

वरच्यांनी बादली ओतली किंवा वॉशिंग मशीनचं पाणी सोडलं की आपल्या जाळीतून गुडगुड आवाज, कधी फेस वर: उभ्या पाइपाचा प्रश्न, तुमच्या एकट्याचा नाही.

खालच्यांच्या छताला ओल, पोपडे, बाहेरच्या भिंतीला पांढरी बुरशीसारखी खार: हे गळती. हे सगळ्यात शेवटी घेऊ, कारण सगळ्यात महाग तेच आहे.

पहिली तपासणी, फुकट: मग आणि खडू

रात्री सगळ्यांच्या अंघोळी-बिंघोळी झाल्या की फरशी वायपरने ओढून, वर जुन्या कपड्याने पुसून कोरडी करा. मग चारी कोपऱ्यांत आणि दाराशी एकेक मग पाणी हळू ओता आणि फक्त बघत बसा. कुठून निघालं, कुठे वळलं, कुठे थांबलं. थांबलेल्या जागेला खडूने किंवा मुलांच्या क्रेयॉनने गोल करा आणि फोटो काढून ठेवा, उद्या मिस्त्री आला तर त्याला दाखवायला उपयोगी पडतो, नाहीतर तो कोरड्या फरशीकडे बघून काहीही सांगतो. वायपरचा एक हात मारून जेवढं पाणी जातं तेवढं डबकं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, त्याच्यासाठी फरशी फोडू नका. रोज एक हात मारा. फोडाफोडीत वॉटरप्रूफिंग दुखावलं तर त्या मगभर पाण्याच्या नादात खालच्यांचं छत जाईल.

दुसरी: जाळी

जाळी उचला. स्क्रू असेल तर काढा, फिरवायची असेल तर जुन्या चमच्याने फिरवा, व्हाईट सिमेंटने चिकटवलेली असेल तर कडेने सुरीने खरवडा पण हातोडी मारू नका, टाइल तडकते. वर आलेले केस दिसतात तेवढेच असतात असं समजू नका, खालच्या बाजूला साबणाचा राखाडी चिकटा लोंबत असतो आणि भोकं आतून अर्धी बुजलेली असतात. बोअरिंगचं खारं पाणी असलं की तो चिकटा दगडासारखा होतो कारण साबण आणि क्षार मिळून न विरघळणारा थर तयार होतो. ती जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी ब्रशने घासली की निघते.

आता त्या फॅन्सी जाळ्यांबद्दल. हल्ली रिनोव्हेशन करताना स्टीलची चकचकीत, आतून झडपवाली 'कॉक्रोच जाळी' घालतात. झुरळं थांबतात हे खरं, पण वाट इतकी अरुंद असते की मोठा शॉवर चालू केला किंवा बादली उपडी केली की ती पुरत नाही, आणि झडपेत दोन केस अडकले की ती पूर्ण उघडतही नाही. जाळी काढून बादलीभर पाणी ओता. सुर्रकन गेलं म्हणजे पाइप ठणठणीत आहे, गुन्हेगार जाळी. साधी मोठ्या भोकांची आणा, काम संपलं.

जाळीच टाइल्सपेक्षा उंच बसली असेल तर ती काढून खालचं जुनं सिमेंट खरवडून, टाइल्सच्या अगदी किंचित खाली बसेल अशी परत बसवायची. हे प्लंबर तासाभरात करतो.

तिसरी: जाळीखालची वाटी

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "नहाणी ट्रॅप" म्हणा, दुकानदार बरोबर वस्तू काढून देतो. आपला न्हाणी हा शब्द प्लंबिंगमध्ये असा जाऊन बसलाय. गावी आमच्याकडे न्हाणी म्हणजे घराच्या मागे जांभ्या दगडाची, पाणी पाटाने थेट माडाच्या आणि केळीच्या मुळाशी, तिथे कसला ट्रॅप आणि कसलं काय. फ्लॅटमध्ये त्याच न्हाणीखाली दुसऱ्या कोणाचं तरी घर असतं आणि पाइप गटाराला जोडलेला असतो, म्हणून हा ट्रॅप. त्यात कायम साधारण 50 मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि ते पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. काहींमध्ये उपडी वाटी किंवा टोपी असते, तिच्यामुळे हे पाणी अडून राहतं.

तर घोटाळा असा होतो की कोणीतरी ही वाटी बाहेर काढतं, "हिच्यामुळेच अडतंय" म्हणून फेकून देतं, पाणी मस्त जायला लागतं आणि आठवड्याभरात घरात गटाराचा वास. मग रूम फ्रेशनर, मग डांबराच्या गोळ्या. वाटी फेकू नका, धुऊन परत बसवा. हरवली असेल तर मापाची नवीन मिळते, किंमत किरकोळ.

हातमोजा घाला आणि ट्रॅपमध्ये हात घालून तळाचं सगळं काढा. मला आजवर काय काय मिळालंय: केसांचे बोळे, साबणाच्या चिपा, टूथपेस्टची टोपणं, हेअर पिना, एक चांदीचं जोडवं (त्या वहिनींनी मला आठवडाभर पुरेल एवढा शिरा दिला), टाइल्स लावल्यावर मिस्त्रीने तिथेच धुतलेल्या थापीचं वाळलेलं सिमेंट. सिमेंट असेल तर ते हाताने निघत नाही, ट्रॅप बदलावा लागतो.

वर्षातून दोनदा तक्रारी हमखास वाढतात. एक दिवाळीत. अभ्यंगस्नानाचं तेल आणि उटणं एकत्र होऊन जो गिलावा तयार होतो तो ट्रॅपच्या तळाशी बसतो आणि पुढचे केस त्यात रुततात, त्यात डिसेंबरात थंडी वाढली की खोबरेल गोठतं. आणि दुसऱ्या तक्रारी गणपतीनंतर. घरी बादलीत विसर्जन करतात, चांगलीच गोष्ट आहे, पण मग ते शाडूचं पाणी बाथरूममध्ये ओततात. शाडू पाण्यात विरघळत नाही हो, ती माती आहे, पाइपात जाऊन खाली बसते. कुंड्यांमध्ये घाला. नाहीतर बादली दोन दिवस ठेवा, माती तळाला बसते, वरचं पाणी झाडांना आणि मातीचा गोळा पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी.

चौथी: पाइप

ट्रॅप साफ आहे, वाटी काढलेली आहे, तरी बादली ओतली की पाणी वर चढतं. म्हणजे पुढच्या आडव्या पाइपात अडलंय. आता रबरी पंप घ्या, तोच काठीला रबरी वाटी लावलेला. पण एक गोष्ट शंभरातले नव्व्याण्णव लोक विसरतात: बेसिनचा पाइप बहुतेक वेळा ह्याच ट्रॅपला येऊन मिळतो, आणि ते तोंड उघडं असलं की तुमचा सगळा जोर बेसिनमधून हवा काढण्यात जातो. बेसिनचं भोक आणि त्याचं ओव्हरफ्लोचं छोटं भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, जाळीच्या जागी रबर बुडेल एवढं पाणी ठेवा आणि वीस-पंचवीस वेळा सलग दाबा-ओढा. ढकलण्यापेक्षा ओढण्याने बोळा सुटतो.

तेलकट चिकटा असेल तर धुण्याचा सोडा आणि गरम पाणी चालतं. गरम म्हणजे अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त, उकळतं ओतू नका, पीव्हीसीचा पाइप त्याने नरम पडतो आणि जॉइंट सरकतात.

अॅसिडबद्दल जरा कडक बोलतो. बाटलीतलं अॅसिड केसांच्या बोळ्याचं फारसं काही बिघडवत नाही, पण टाइल्सच्या मधलं सिमेंटचं ग्राउट मात्र खातं. आज जाळी मोकळी करायला ओतलेलं अॅसिड दोन वर्षांनी खालच्यांच्या छतावर ओल बनून दिसतं, हे मी आमच्याच बिल्डिंगमध्ये तीन ठिकाणी बघितलंय. आणि टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच हे दोन्ही एकाच जाळीत एकामागोमाग कधीही ओतू नका, त्यातून क्लोरीन गॅस निघतो, बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. कॉस्टिक सोडा आधी टाकला असेल तर त्यावर अॅसिड नको आणि पंपही मारू नका, उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो.

पंपाने नाही झालं तर स्प्रिंग. प्लंबरकडे पाइपात घालून फिरवायची लांब स्प्रिंगची मशीन असते. स्वतः करायचं असेल तर हाताने फिरवायची छोटी मिळते, पण जुना बिडाचा पाइप असेल तर हात लावू नका, आतून गंजून पापड झालेला असतो, स्प्रिंग आरपार जाते.

वास येतो पण पाणी नीट जातं

महिनाभर गावी गेला होतात का? मग काहीच झालेलं नाही, ट्रॅपमधलं पाणी उडून गेलंय. एक बादली ओता, खिडकी उघडी ठेवा, तासाभरात वास जाईल. पुढच्या वेळी कुलूप लावायच्या आधी जाळीत पाणी भरून वर दोन चमचे खाण्याचं तेल सोडा, त्याचा थर बसला की पाणी हळू उडतं. पाहुण्यांचं बाथरूम जे कोणी वापरत नाही तिथे आठवड्याला एक मग ओतत जा.

तरीही वास राहिला तर बेसिनखाली वाकून बघा. बेसिनचा तो वळ्यावळ्यांचा पाइप फरशीतल्या किंवा भिंतीतल्या भोकात नुसता खुपसलेला असतो, आजूबाजूला बोटभर फट. वास आणि झुरळं दोन्ही तिथूनच. रबरी कॉलर मिळते, ती बसवा.

रोज पाणी ओतूनही ट्रॅप रिकामा होतोय आणि गुडगुड ऐकू येते, तर वरून मोठं पाणी खाली जाताना तुमच्या ट्रॅपमधलं पाणी खेचून नेतंय. उभ्या पाइपाला हवा घ्यायला गच्चीवर तोंड असतं ते बंद झालं की असं होतं. आमच्याकडे गच्चीवर पत्र्याची शेड घातली तेव्हा कामगारांनी ती तोंडं "आता पाऊस येणार नाही, कशाला हवीत" म्हणून सिमेंटने बुजवली होती. चार मजल्यांना वास. शोधायला आम्हाला दीड महिना लागला. तेव्हा गच्चीवर जाऊन बघा, कबुतराचं घरटंही असू शकतं.

उतार: इथे घाई नको

जमिनीला जाळीकडे दर मीटरला साधारण 10 ते 15 मिलिमीटर उतार हवा, मिस्त्रीच्या भाषेत 4 फुटाला अर्धा ते पाऊण इंच. त्यापेक्षा कमी असला की पाणी रेंगाळतं, फार जास्त केला तर साबणाच्या पाण्यात पाय सरकतो, घरात म्हातारी माणसं असतील तर हे आधी सांगा. मोजायला लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, हीच सगळ्यात भरवशाची. गोटी सोडून बघतात लोक, पण गोटी टाइल्सच्या सांध्यात अडकते आणि फसवते.

मुळात उतार चुकतो का? माझ्या अनुभवात तीन कारणं. पहिलं, मोठ्या टाइल्स. 2 बाय 2 फुटाची टाइल वाकत नाही, चारही बाजूंनी जाळीकडे उतार द्यायचा तर ती तिरकी कापावी लागते, मिस्त्रीला ते नको असतं, म्हणून सपाट बसवतो. बाथरूमला 1 बाय 1 किंवा त्याहून छोट्या, खरखरीत टाइल्सच बऱ्या. दुसरं, टाइल्सवर टाइल्स. जुनी फरशी न काढता वर नवीन चिकटवली की फरशी अर्धा-पाऊण इंच चढते, दारातला ग्रॅनाइटचा उंबरा नावापुरता उरतो आणि पाणी पॅसेजमध्ये, पुढे चौकट फुगते. तिसरं म्हणजे काचेचं पार्टिशन. कोरडी बाजू-ओली बाजू ही कल्पना उत्तम आहे, मी स्वतः घरी केलीये, पण जाळी एकच असेल आणि मधे काचेखाली ग्रॅनाइटची पट्टी बसवली की कमोडच्या बाजूचं पाणी कुठे जाणार? आपल्याकडे जेट स्प्रे असतो, मावशी बाथरूम धुताना सगळीकडे पाणी ओततात, कोरडी बाजू कोरडी राहतच नाही. पट्टीला एका कडेला दोन बोटांची फट ठेवा, नाहीतर तिकडे वेगळी जाळी.

डबकं एक-दोन टाइल्सपुरतं असेल तर तेवढ्याच टाइल्स काढून परत बसवता येतात, पण तिथे खालचं वॉटरप्रूफिंग दुखावणार नाही असा हात हवा. घरी प्रयोग नको.

खालच्यांच्या छताला ओल

आधी वेळ बघा. ओल किंवा थेंब दिवसरात्र सारखाच असेल, तुम्ही घरात नसतानाही, तर संशय नळाच्या लाइनवर, कारण तिच्यात कायम दाब असतो. रात्री बाथरूमचा मेन कॉक बंद करून सकाळी खालच्यांना विचारा. अंघोळीनंतर तासा-दोन तासांनी वाढत असेल तर ट्रॅपचा जॉइंट किंवा फरशी.

ट्रॅप की फरशी हे ओळखायला: एक दिवस फरशी कोरडी ठेवून फक्त जाळीत नळीने पाणी सोडा. ओल वाढली तर पाइप-ट्रॅप. नाही वाढली तर दुसऱ्या दिवशी जाळी प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून बंद करा, फरशीवर इंचभर पाणी उभं करा, भिंतीवर पेन्सिलने खूण आणि 24 तास थांबा. शेजारी स्टीलच्या सरळ डब्यातही पाणी भरून खूण करून ठेवा, म्हणजे नुसतं उडालेलं किती ते कळतं. डब्यापेक्षा फरशीचं पाणी जास्त उतरलं तर फरशी पितेय. हे करायच्या आधी खालच्यांना सांगा, आणि त्यांचं छत आधीच फुगलेलं असेल तर ही टेस्ट करूच नका.

फक्त सांध्यांतून झिरपत असेल तर जुनं ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरल्याने पुष्कळदा थांबतं, आम्ही सहा फ्लॅटमध्ये केलं, चार ठिकाणी थांबलं. उरलेल्या दोघांना फोडावंच लागलं.

भांडण होण्याआधी हेही माहीत असू द्या: सोसायटीच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे बाहेरच्या कॉमन पाइपाची गळती सोसायटीच्या खर्चाने आणि टॉयलेट-सिंकची आतली गळती त्या फ्लॅटवाल्याच्या खर्चाने.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

खाली ट्यूबलाइट, पंखा किंवा बोर्डाजवळ पाणी आलंय: त्या लाइनचा एमसीबी (मेन बोर्डावरचा स्विच) पाडा, आधी इलेक्ट्रिशियन, मग प्लंबर. छताचं प्लास्टर पडून सळी दिसतेय, गंजलीये: ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम, वरून नुसतं प्लास्टर मारून घेऊ नका. दोन-तीन मजल्यांना एकाच वेळी पाणी वर येतंय: कोणीही घरातली जाळी खरवडत बसू नका, कमिटीला सांगा, खालचा चेंबर भरलाय. चेंबरचं झाकण उघडून आत माणूस उतरवणं हा तर विषयच नाही, आत विषारी वायू असतो, 2013 च्या कायद्याने ते बंद आहे, मशीनची गाडी बोलवा. आणि दोन वेळा पंप, एकदा स्प्रिंग करूनही महिन्याभरात परत तुंबलं, तर आतला पाइप बसलाय किंवा उलट्या उताराचा आहे, आता खरंच प्लंबर.

आणि फोडायचंच ठरलं तर मिस्त्रीकडून आधी कबूल करून घ्या: पाइप टाकल्यावर झाकायच्या आधी फोटो, जाळी सगळ्यात खोल बिंदूवर, वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्सच्या आधी 24 तास पाणी उभं करून खाली जाऊन बघायचं, थापी-घमेलं ट्रॅपमध्ये धुवायचं नाही. ट्रॅपचं तोंड काम संपेपर्यंत पोत्याच्या बोळ्याने बंद. ग्राउट सुकलं की परत तीच मग आणि खडूची टेस्ट, मिस्त्री तिथे उभा असताना, शेवटचा हप्ता खिशात असताना.